वन आरके, कमी उजेड, बजेट ५०० – टिकणारी झाडं सुचवा (सांगली)

नवीकुंडी
नमस्कार. विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर राहते. खोलीची खिडकी उत्तरेला आणि समोर लगेच दुसरी बिल्डिंग. दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येतो, पण ऊन अजिबात नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळी नऊपर्यंत ऊन असतं, तिथं ग्रिलवर दोनच कुंड्या मावतील. शनिवार-रविवार गावी आटपाडीला जाते, सणाला आठ-दहा दिवस घर बंद. आतापर्यंत एक तुळस आणि एक गुलाब माझ्या हातून गेले, दोन्ही वेळा फार वाईट वाटलं. तीन-चार झाडं हवीत, कुंडीसकट ५०० रुपयांत. काय घेऊ?

हिरवा हात
स्नेक प्लांट. दुसरा विचारच करू नका. माझ्याकडं सहा वर्षं आहे, एका कुंडीच्या पाच झाल्या. उन्हाळ्यात दहा दिवसांनी पाणी, थंडीत तीन आठवड्यांनी. तुळस खोलीत ठेवली होती का? तिला चार-पाच तास ऊन लागतं, त्यात तुमची चूक नाही.

मिरजेची सून
झेडझेड प्लांट घ्या ताई. मी सिरॅमिकच्या कुंडीसकट ९५० ला घेतलं, पैसे वसूल. मातीत बटाट्यासारखे गड्डे असतात, पाणी त्यात साठवतं. मे महिन्यात २२ दिवस घर बंद होतं, आले तर नवा कोंब! पानं अशी चकाकतात की पाहुणे हात लावून बघतात, खरं आहे का म्हणून.

कृष्णाकाठ
झेडझेडचं कौतुक मला सांगू नका. रस्त्यावरच्या टेम्पोतून घेतलं, दोन महिन्यांत सडलं. कुंडी ओतून बघितली तर आत काळ्या मातीचा गोळा. आपली काळी माती उसाला चांगली. कुंडीत भिजली की चिखल, वाळली की वीट. तेव्हापासून दोन वाटे लाल माती, एक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक जाड वाळू आणि मूठभर कुजलेलं शेणखत घालतोय. आणि तळाला भोक नसलेली कुंडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरच्या चौतीस कुंड्या गेल्या. त्यातला मोगरा आईनं लावलेला होता.

निवृत्त मास्तर
स्नेक प्लांटच घ्या. रात्री ऑक्सिजन सोडतो, नासानं सिद्ध केलंय. उशाशी ठेवा.

हिरवा हात
मास्तर, झाडाची शिफारस बरोबर, कारण चुकीचं. नासाचा १९८९ चा प्रयोग बंद पेटीत होता आणि हवेतल्या काही रसायनांवर होता. २०१९ मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासले गेले. उघड्या खिडकीइतकी हवा साफ करायला चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील असं निघालं. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतो हे खरं, पण ऑक्सिजन उजेडातच तयार होतो. ताई, हवेसाठी खिडकी उघडा.

निवृत्त मास्तर
मला त्या खोलीत शांत झोप लागते, हा माझा अनुभव आहे.

तासगावकर
झाड कुठलंही घ्या, आधी पान उलटं करून आणि देठाच्या बेचक्यात बघा. कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. आमच्या द्राक्षबागेत या किडीनं घडच्या घड चिकट करून टाकलेत, त्यामुळं मला लांबून ओळखू येतो. नवीन कुंडी पंधरा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा. दिसलाच तर साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून पुसून काढा. शेतातलं औषध घरात फवारू नका, एवढं ऐकाच.

गोडोलीकर
साताऱ्यातून. विकत कशाला घ्यायचं? मनीप्लांटची पेर असलेली फांदी शेजारणीकडं मागा, बाटलीत ठेवा. तिसऱ्या आठवड्यात मुळं दिसतील. पाणी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण बदला, बाटली आतून घासा, कुंडीखालच्या ताटल्याही ओता. साठल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, कोरडा दिवस पाळा म्हणून आरोग्यसेविका दारोदार सांगतात ते याचसाठी. मला डेंग्यू झालाय, सांधे महिनाभर धरले होते.

मांजरवाली
घरात लहान मूल किंवा मांजर येत असेल तर मनीप्लांट आणि झेडझेड दोन्ही उंचावर ठेवा. पुतणीनं मनीप्लांटचं पान चावलं, तोंडाची आग आग झाली, रात्री दवाखाना गाठला. स्पायडर प्लांट निर्धोक, कुंडीही छोटी पुरते. आमच्याकडं नर्सरीत ८० ला मिळालं.

कोल्हापूररोड
वर कुणी सांगितलं का माहीत नाही, स्नेक प्लांट बघा. बाराशेत मोठा जोड मिळतो.

नवीकुंडी
बजेट ५०० आहे हो. आणि पाणी कधी घालायचं ते कळायचं कसं? मी रोज घालत होते, गुलाब तसाच गेला असेल.

हिरवा हात
बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर घालू नका. गावी जायच्या आधी ‘असू दे जास्तीचं’ म्हणून ओतता ना, तेच बंद करा.

नवीकुंडी
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं सांगते. रविवारी गावी आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती परसात गेली आणि ओव्याच्या चार फांद्या मोडून आणल्या. श्रीखंडाच्या दोन डब्यांना तापल्या खिळ्यानं भोकं पाडली, ६० रुपयांची लाल माती आणली, वाळू शेजारच्या बांधकामावरून मागून घेतली. डबे ग्रिलवर ठेवलेत. आमच्याकडं पाहुणा आला की ओव्याच्या पानांची भजी होतातच, मला तेच झाड हवं होतं हे लावल्यावर कळलं. खोलीत सध्या काही नाही.

मिरजेची सून
खोली रिकामी ठेवू नका, झेडझेड घ्याच. पगार झाल्यावर घ्या.

कृष्णाकाठ
मातीचं ऐकलंत, बरं वाटलं. ओवा उत्तरेच्या खिडकीत नेऊ नका, लांबट होऊन वाकतो. शेंडे खुडत राहिलात तर फुटवे येतील.

नवीकुंडी
एका फांदीची खालची दोन पानं पिवळी पडलीत. बोट घालून बघितलं, माती ओली आहे. आज पाणी घातलं नाही.