पॅरललेपिपेड की पॅरललोपिपेड? हा शब्द फोडून शिकवावा का?

रेघोटी : बारावीला व्हेक्टर शिकवते. स्केलर ट्रिपल प्रॉडक्ट, म्हणजे तीन व्हेक्टरांचा तो गुणाकार ज्यातून एका तिरक्या ठोकळ्याचं घनफळ मिळतं, आलं की त्या ठोकळ्याचं नाव फळ्यावर लिहावं लागतं आणि अख्खा वर्ग अडखळतो. यंदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, यात पाईप कुठे असतो?" तिचं काय चुकलं? पुस्तकात 'पॅरललोपिपेड' छापलंय. ते 'पॅरललो' आणि 'पिपेड' असंच तुटतं, वर इंग्रजी उच्चारात त्या 'पि'चा 'पाय' होतो. ग्रीकमध्ये 'पिपेड' असा शब्दच नाही. खरी फोड पॅरलल + एपिपेड. 'एपि' म्हणजे वर, 'पेडॉन' म्हणजे जमीन, 'एपिपेडॉन' म्हणजे सपाट पृष्ठ. समोरासमोरची पृष्ठं समांतर, अशी सगळी व्याख्या नावातच आहे. मधल्या 'ओ'नं ती झाकली. माझं ठाम मत, 'ए' छापा आणि शब्द फोडूनच शिकवा.

सदा_घाईत : अजिबात पटलं नाही. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे ग्रीक कामाला येत नाही, पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची येतं. आणि 'ओ' चूक कसा? इंग्रज गणिती चार्ल्स हटनच्या १७९५च्या कोशात 'ओ' आहे, वेबस्टरच्या १८०६च्या शब्दकोशातही आहे. दोनशे वर्षं रुळलेलं रूप तुम्ही एका वर्गासाठी बदलणार?

रेघोटी : प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या भूमितीच्या ग्रंथात, अकराव्या पुस्तकात 'ए'च आहे. 'पॅरललोग्रॅम' (समांतरभुज चौकोन) तोंडात बसलेला, म्हणून इथेही 'ओ' घुसला. रुळला म्हणून त्याचा अर्थ लागत नाही.

जुनी_पाटी : स्वर त्याच्याही आधी घसरलाय. बिलिंग्जलीनं १५७०मध्ये युक्लिड इंग्रजीत आणला, त्यात 'पॅरललिपिपेडॉन' आहे. पण फोड शिकवावी, या मताचा मीही आहे. 'पॅरा' म्हणजे शेजारी, 'अलेलॉन' म्हणजे एकमेकांच्या. ग्रीकांचा 'दुसरा' हा शब्द त्यात दोनदा येतो, अगदी आपल्या 'परस्पर'सारखा. आणि 'पेडॉन' हा संस्कृत 'पद'चा सख्खा नातलग. मराठी मुलाला हे परकं वाटायचं कारण नाही.

चौकट_राजा : मग सरळ 'समांतर षट्फलक' म्हणा ना! मॅडम म्हणतात सगळी व्याख्या नावात आहे. नाही हो. न तासलेली षट्कोनी पेन्सिल घ्या. तिचीही समोरासमोरची पृष्ठं समांतरच असतात, पण पृष्ठं आठ. ग्रीक नावात सहाचा आकडाच नाही, मराठीत आहे.

रेघोटी : पेन्सिलीचं मान्य. 'सगळी व्याख्या' म्हणाले ते मागे घेते. पण पेपरात इंग्रजी शब्द येणार आणि तो वाचता यायलाच हवा. पॅ-र-ल-ले-पि-पेड, सहा अवयव. 'ले'च्या पोटात, 'ल्' आणि 'ए'च्या मधे सांधा आहे, एवढं कळलं की जीभ अडत नाही.

सदा_घाईत : जीभ अडली तरी गणित अडत नाही. मी पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवतो आणि तळहातानं एका बाजूला सरकवतो. ठोकळा तिरका झाला, पत्ते तेवढेच, उंची तेवढीच, म्हणजे घनफळ तेवढंच. नाव शेवटी सांगतो.

जुनी_पाटी : अहो, त्या कॅटातला प्रत्येक पत्ता म्हणजे एक एपिपेडॉन! तिथेच सांगून टाका, अर्धं मिनिट लागेल.

सदा_घाईत : अर्धं मिनिट देईन. 'ओ' मात्र तसाच ठेवणार, मुलांच्या पुस्तकात तोच आहे.

रेघोटी : आणि मी उद्या फळ्यावर 'ए'च लिहिणार, खाली सांध्याची खूण करून. त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय.