लादीपाव सकाळपर्यंत मऊ राहत नाही, मदत हवी आहे

अर्धा किलो मैद्याला 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 300 मिली कोमट दूध, 40 ग्रॅम लोणी, तीन चमचे साखर, दीड चमचा मीठ घेते. दहा मिनिटं हाताने मळते. पीठ तासाभरात दुप्पट फुगतं, म्हणजे यीस्टचा दोष नाही. ओटीजीत 180 अंशांवर 22 मिनिटं. गरमागरम पाव अगदी कापूस! पण सकाळी तोडायला गेलं की नुसता भुगा, मिसळीच्या रश्शात बुडवला तरी घशाला लागतो.

लोणी 60 ग्रॅम करून झालं, भाजल्यावर ओलं फडकं टाकून झालं. फरक शून्य. अंडं घरात चालत नाही, आणि सगळं मिळून अडीच तासांच्या आत उरकायचंय. यातला थोडा मैदा आधी दुधात शिजवून घातला तर पाव टिकेल का? आणि अर्ध्या किलोला किती शिजवायचा?