मंडपातल्या गिटारला स्वस्त वायरलेस: घ्यावं की वायरच बरी?

खालचा_षड्ज

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायला लागून मला सतरा वर्षं झाली. गणपती, नवरात्र, हळदी, सोसायट्यांची संमेलनं. मागच्या वर्षी साडेचार हजारांचा वायरलेस संच घेतला. एक डोंगल (आवाज पाठवणारं छोटं यंत्र) बेसच्या जॅकमध्ये, दुसरा, म्हणजे रिसीव्हर, पायाशी पेडलबोर्डवर (इफेक्टच्या पेडलांची फळी) आणि तिथून आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्पला. आमच्या ग्रुपमधले दोघं गिटारवाले म्हणतात, घ्यायचं तर महागडं घे, नाहीतर वायर वापर, हे मधलं काही कामाचं नाही. मला ते अजिबात पटत नाही. म्हणून हा धागा.

मी तो स्टेजभर फिरायला घेतलेला नाही. बेसवाला ड्रमरच्या शेजारी उभा राहतो आणि तिथेच राहतो. घेतला तो शॉकमुळे. गणपतीतला कार्यक्रम होता, नुकताच पाऊस पडून गेला होता आणि स्टेजवरची चटई ओली होती. मूर्तीसमोर आपण चपला काढूनच चढतो. कोरस म्हणायला माइकशी तोंड नेलं आणि ओठाला असा झटका बसला की डावा हात मानेवर आखडला. ड्रमरने जॅक ओढून काढला म्हणून सुटलो.

हे का होतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गिटारच्या तारा ब्रिजमधून (तारा जिथे अडकवतात तो धातूचा भाग), जॅकमधून, वायरच्या जाळीतून थेट अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. तारा धरल्या की आपणही त्या पत्र्याला जोडले जातो. अ‍ॅम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, कधी एक जनरेटरवर आणि एक शेजारच्या इमारतीतून ओढलेल्या लाइनवर. एकाचं अर्थिंग तुटलेलं असलं की हात आणि ओठ यांच्यात वीज उभी राहते. १९७२ साली स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे असाच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावून, स्टेजवरच मरण पावला. १९७६ मध्ये किस बँडच्या एस फ्रेलीला फ्लोरिडातल्या लेकलँडला लोखंडी कठड्याचा शॉक बसला आणि तो थोडक्यात वाचला. त्यानंतर त्या बँडने वायरलेसचीच वाट धरली.

वायरलेस लावला की माझ्या तारांचा अ‍ॅम्पशी धातूचा संबंधच उरत नाही. साडेचार हजारांत हे मिळत असेल तर वायरला चिकटून का राहायचं?

जॅकपिन

दादा, शॉकचं वाचून वाईट वाटलं. पण वायरलेसबद्दल मी ठाम विरोधात आहे.

हे स्वस्त संच बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे हा पट्टा २००५ पासून विनापरवाना खुला आहे, म्हणूनच संच स्वस्त आहेत आणि म्हणूनच तिथे गर्दीही आहे. वायफाय तिथे, ब्लूटूथ तिथे, लाइटवाल्याचे बिनतारी कंट्रोलरही पुष्कळदा तिथेच. साउंडचेक होतो दुपारी चार वाजता, मोकळ्या मैदानात, आणि सगळं झकास चालतं. रात्री नऊला समोर दोन हजार माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन. शिवाय माणसाचं शरीर म्हणजे बहुतांश पाणी, आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. तुम्ही पाठ फिरवलीत की डोंगल आणि रिसीव्हर यांच्या मधे तुमचंच अंग येतं.

माझ्यासोबत हे घडलंय. गरबा पूर्ण रंगात आला होता आणि बेस दोन-तीन सेकंद गेला. गिटार गेली तर की-बोर्डवाला सांभाळून घेतो. बेस गेला की नाचणाऱ्यांचे पायच अडखळतात. मी स्वतः पाहिलंय ते, आणि त्या रात्री घरी जाऊन जेवलो नाही.

खालचा_षड्ज

गरब्याचं मान्य. पण रिसीव्हर कुठे होता? माझा अ‍ॅम्पच्या मागच्या बाजूला नसतो, पेडलबोर्डवर असतो, माझ्यापासून दीड मीटरवर, नजरेसमोर. खोक्यावर तीस मीटर लिहिलेलं असलं तरी ते मोकळ्या मैदानाचं माप आहे. दोन मीटरच्या आत ठेवल्यापासून, चाळीसेक कार्यक्रमांत, आवाज एकदाच तुटला. तोही रिसीव्हर एलईडी वॉलला टेकून ठेवला होता तेव्हा.

रिदमवाली_ठाणे

मी षड्जदादांच्या बाजूने, पण कारण वेगळं. सहा मीटर वायरीची धारिता (विजेचा भार साठवण्याची क्षमता) साधारण सहाशे पिकोफॅरड भरते. पॅसिव्ह पिकअपचा (तारांचा कंप टिपणारा, बॅटरी नसलेला भाग) वरचा खणखणीतपणा त्यात खाल्ला जातो. वायरलेस लावल्यावर पहिल्यांदा मला माझीच गिटार नवी वाटली. काहींना तो आवाज टोचतो. बॉस कंपनीने डब्ल्यूएल-२० या वायरलेस संचात वायरीचा परिणाम मुद्दाम घातला आहे, कारण लोकांच्या कानाला वायरीचीच सवय. मी टोनची कळ थोडी खाली घेते, एवढंच.

एकच तक्रार. जुन्या पद्धतीचं फझ पेडल (आवाज खरखरीत करणारं) थेट पिकअपशी बोलतं. व्हॉल्यूम कमी केला की आवाज जसा साफ होत जातो, ती मजा मधे वायरलेस आला की जाते. त्या दोन गाण्यांपुरती मी आजही वायरच लावते.

जॅकपिन

आणि उशिराचं काय? आवाज आधी डिजिटल करायचा, पाठवायचा, परत फिरवायचा, याला वेळ लागतोच. बेस आणि किक (ड्रमरचा पायाने वाजणारा मोठा ड्रम) एकत्र पडायला हवेत.

रिदमवाली_ठाणे

एक्सव्हाइव्ह यू-२ या वायरलेस संचाची कंपनी हा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आत सांगते. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे सहा मिलिसेकंदांत दोन मीटर. तुम्ही अ‍ॅम्पपासून दोन पावलं मागे सरकलात तर तेवढाच उशीर होतो, आणि तेव्हा तुम्ही तक्रार करत नाही. पण कानात मॉनिटर, डिजिटल मिक्सर, वर मल्टीइफेक्ट असं सगळं एकावर एक चढलं तर बेरीज जाणवते, हे खरं आहे.

सोल्डरकाका

मी वायरमन. पस्तीस वर्षं मंडपांची लाइन ओढतोय. दोघांनाही एक सांगतो, आणि जरा कडक शब्दांत सांगतो, राग मानू नका.

षड्ज, वायरलेस लावून तू वाचलास. पत्र्यात आलेला करंट तसाच आहे. तुझ्या शेजारी माइक धरून उभी असलेली मुलगी कीबोर्डच्या स्टँडला टेकली की तिला तो बसणार. तूच कार्यक्रम संपल्यावर अ‍ॅम्प बंद करायला हात लावशील तेव्हा तुलाही बसेल. तू दुखण्यावर गोळी घेतलीस आणि आजार शेजाऱ्याकडे ठेवलास.

खरं काम हे: तीन पिनांचा सॉकेट टेस्टर काही शे रुपयांना मिळतो, तो बॅगेत ठेवा. स्टेजचा सगळा माल एकाच बोर्डावरून घ्या. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे का ते बघा. आणि ‘हम’ (सततचा घूं आवाज) येतो म्हणून अर्थिंगची पिन तोडणाऱ्या साउंडवाल्याला तिथल्या तिथे थांबवा. हमला डीआय बॉक्सवर (वाद्य आणि मिक्सर यांच्या मधली डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. पिन तोडणं हा उपाय नाही, तो गुन्हा समजा.

मडगावचो_बेस

आम्ही तियात्राला (गोव्यातल्या कोंकणी संगीत नाटकाला) स्टेजच्या खाली खुर्चीवर बसून वाजवतो. शेजारी ट्रम्पेट, मागे ड्रम, हलायलाही जागा नसते. तिथे वायरलेसचा काय उपयोग? चांगली तीन मीटरची वायर, दोन्ही टोकांना दुरुस्त करता येईल असा जॅक, दहा वर्षं बघायला नको. डोंगलमधली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि बहुतेक ती उघडून बदलायची सोय नसते. चार-पाच तास म्हणून घेतलेला संच मग मध्यंतराआधीच मान टाकतो. आमच्या एका मुलाने पैसे वाचवायला जुना यूएचएफ (वेगळ्या रेडिओ-पट्ट्यावरचा) संच सेकंड हँड घेतला, तो ७०० मेगाहर्ट्झवाला निघाला. तो पट्टा २०२२ च्या लिलावात जिओने घेतलाय, तिथे आता मोबाइलचे टॉवर आहेत. असला घेऊ नका.

बीस्ट्रिंग

कोणी अ‍ॅक्टिव्ह बेसबद्दल, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेल्या बेसबद्दल, बोललं नाही. माझा पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह आहे आणि पहिल्या स्वस्त डोंगलला बारीक शिट्टी यायची. दुकानात नेऊन आपल्याच बेसवर लावून बघा, मगच पैसे द्या. आणि कार्यक्रम संपला की डोंगल काढा. जॅकमध्ये काही घुसलेलं असलं की बेसमधली नऊ व्होल्टची बॅटरी चालूच राहते. खालचा बी (पाचव्या तारेचा सर्वांत जाड सूर) ३१ हर्ट्झच्या आसपास असतो, तो मात्र नीट येतो. इथे डिजिटलने जुन्या अ‍ॅनालॉग वायरलेसला मागे टाकलं.

खालचा_षड्ज

काका, राग कसला. रात्री तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्यासोबत गाणारी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिच्याबद्दल मी विचारच केला नव्हता, आणि याची मला खरंच लाज वाटते. आज टेस्टर घेतला. पुढच्या सुपारीपासून मंडळाशी बोलतानाच सांगणार: साउंड चढण्याआधी अर्थिंग दाखवा, नाहीतर आम्ही वर चढणार नाही.

वायरलेस मात्र सोडत नाही. टेस्टर हिरवा दाखवतो तो संध्याकाळी सहाला. आठ वाजता कोणी आइस्क्रीमच्या गाडीची लाइन त्याच बोर्डातून ओढली तर मला कळणार नाही. तेव्हा माझ्या आणि त्या पत्र्याच्या मधे दीड मीटर मोकळी हवा असलेली मला बरी.

जॅकपिन

अर्थिंगची अट आम्हीही घालणार, उद्याच. तेवढ्यासाठी धाग्याचे आभार. बेसला मात्र माझी वायरच राहील. दादा, तुमच्या बॅगेत एक जादा वायर असते ना?

खालचा_षड्ज

असते. सहा मीटर. पेडलबोर्डला आधीच लावून, गुंडाळून ठेवलेली.