कंपनी-कॉलेज मिळून खरंच काही नवीन निघतं का? (फार्मा अन् सिव्हिल)

गोळीवाला_लातूर:
नमस्कार मंडळी. मी बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला, धाकटा भाऊ सिव्हिल डिप्लोमाला. दोघांच्याबी कॉलेजात दरसाली कुठल्यातरी कंपनीशी करार होतो, शाल-श्रीफळ होतं, पेपरात फोटो येतो अन् पुढं काहीच दिसना. सगळे संशोधन, भागीदारी म्हणायलेत, पण त्यातून एखादं औषध, एखादं बांधकामाचं मटेरियल बाजारात आलंय का? उदाहरण द्या, प्रवचन नको.

वाळूज_सेकंड_शिफ्ट:
आलंय की. नॅफिथ्रोमायसिन बघ. वोक्हार्टचं अँटिबायोटिक, न्यूमोनियावर, दिवसाला एकदा अन् तीनच दिवस. कंपनीचं रिसर्च सेंटर आपल्या संभाजीनगरातच आहे. नोव्हेंबर 2024 मधी सरकारनं जाहीर केलं तेव्हा आकडा सांगितला 14 वर्षं अन् 500 कोटी, त्यात बायरॅक म्हणून केंद्राची संस्था आहे तिनं तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलला 8 कोटी दिले. 500 पुढं 8 म्हणजे चहापाणीच वाटंल, पण अँटिबायोटिकचा कोर्स चार दिवसांत संपतो, बीपीच्या गोळीवानी जन्मभर खपत नाही, म्हणून परदेशातल्या कितीतरी मोठ्या कंपन्यांनी हे कामच सोडलं, अशात कुणीतरी मागं उभं ऱ्हायलेलं बरं.

परळीची_राख:
सिव्हिलमधी एलसी थ्री सिमेंट, म्हणजे चुनखडी अन् भाजलेली माती घातलेलं सिमेंट. क्लिंकर म्हणजे चुनखडी भाजून केलेले खडे, जे दळून सिमेंट होतं; ते भाजायला 1450 डिग्री लागते अन् चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघतो तो वेगळाच, म्हणून ह्यात क्लिंकर निम्म्यावर आणलाय, बाकी 800 च्या आसपास भाजलेली माती, कच्ची चुनखडी, थोडं जिप्सम. कार्बन 40 टक्क्यांपर्यंत कमी. स्वित्झर्लंड अन् क्युबाचे प्राध्यापक, आपल्या दिल्ली-मुंबई-मद्रासच्या आयआयटी, सगळे मिळून बसले. तरी बीआयएसचा, म्हणजे मालाची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, कोड यायला 2023 उजाडलं. कोड नाही तर सरकारी इंजिनिअर सही करत नाही, मग माल कितीबी भारी असू द्या. लॅबमधी जमणं सोपं, खरा वेळ तिथंच जातो.

माळवदाखाली:
आमच्या औसा भागात नव्या सिमेंटच्या आधी जुनंच ज्ञान पोचायला पाहिजे होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीत माणसं मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती अन् वरच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जड छताच्या वजनानं. भिंतीच्या दोन पदरांना बांधणारा आरपार लांब दगड, वर काँक्रीटचा पट्टा, एवढं इंजिनिअरांना ठाऊक होतं, गवंड्यापर्यंत कुणी नेलंच नाही. पुनर्वसनात गवंड्यांना शिकवलं तेव्हा कुठं गेलं. त्यामुळं भागीदारीत गवंडी धरा राव, नुसते प्राध्यापक अन् कंपनीचे एमडी नको.

परळीची_राख:
हे मान्य. गोळीवाले, भावाला म्हणावं गावच्या वीटवाल्याकडून राखेच्या विटा आण अन् कॉलेजच्या सीटीएमवर, म्हणजे दाब देऊन ताकद मोजायच्या मशीनवर, दाबून बघ, बिचाऱ्याला आपली वीट किती ताकदीची हेच ठाऊक नसतं, प्रोजेक्टबी होईल.

गोळीवाला_लातूर:
विचारलं भावाला. मशीन आहे म्हणे, पण चावी विभागप्रमुखाकडं अन् ते प्रॅक्टिकलच्या परीक्षेलाच काढतात. अर्ज लिहायलाय.