मेळघाटात छोट्या गटांचे पायी ट्रेक सुरू करायचेत, सल्ला हवा

पांदण
नमस्कार मंडळी. मी परतवाड्याचा. घरी संत्र्याची बाग आहे, ती मोठे भाऊ बघतात, त्यामुळे हिवाळ्यात माझ्या हाताशी वेळ असतो. वर डोंगरात एका ढाण्यावर (छोट्या वस्तीवर) शाळेतला मित्र राहतो. त्याच्या घरापासून पायथ्याच्या बाजारगावापर्यंत एक जुनी पायवाट उतरते. डांबरी सडक व्हायच्या आधी लोक आठवडी बाजाराला याच वाटेने यायचे, काही म्हातारी माणसं अजूनही येतात. साग, सालई, बांबू, दोन नाले, एक खिंड. मधल्या मोठ्या टप्प्यात मोबाईलला रेंज नाही.

शनिवार-रविवारी अमरावती-अकोल्याकडचे गट घेऊन या वाटेने चालायचं, मुक्काम ढाण्यावर, जेवण तिथल्याच घरांत, असा विचार आहे. विचारणा आत्ताच यायला लागलीय. परवानगी नेमकी कोणाची लागते? एका गटात किती माणसं घ्यावीत? गावाला पैसे कसे द्यावेत? आणि कोणाला काही झालं तर?

वाटेचं नाव मुद्दाम देत नाही, समजून घ्या.

जुना_बीटवाला
पांदणभाऊ, नाव नाही दिलं ते बरं केलं. बाकीचं नंतर, पहिलं काम म्हणजे ती वाट कोणकोणत्या कक्षांतून (खात्याने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांतून) जाते ते काढा. बीटच्या वनरक्षकाकडे नकाशा असतो, कक्ष क्रमांक त्यावर लिहिलेले असतात. वाट अर्ध्यात एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाते आणि चालणाऱ्याला पत्ता नसतो, असं मेळघाटात जागोजागी आहे. एखाद्या खिंडीच्या अलीकडे प्रादेशिक वनविभाग, पलीकडे व्याघ्र प्रकल्प, असं.

कक्ष गुगामल राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्याच्या कोरमध्ये (आतल्या राखीव गाभ्यात) येत असेल तर तिथेच थांबा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय आत पाय ठेवणं हाच गुन्हा आहे, आणि खासगी ट्रेकला तिथे परवानगी मिळेल या आशेवर राहू नका. ओळखीच्या वनपालाने फोनवर ‘जा, काही होत नाही’ म्हटलं, तरी ते पाठीशी उभं राहत नाही. त्याची बदली झाली की नवा साहेब पंचनामाच करतो.

बफरमध्ये (कोरच्या भोवतीच्या पट्ट्यात) किंवा प्रादेशिकमध्ये असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यामार्फत उपवनसंरक्षकांकडे लेखी अर्ज. त्यात वाट, वेळ, माणसांची कमाल संख्या, मुक्कामाचं गाव, सगळं लिहा. आणि ‘जंगलात तंबू नाही, शेकोटी नाही’ हे आपणहून लिहा. साहेबाची अर्धी काळजी तिथेच मिटते.

कातळकडा
मी पुण्याचा, सह्याद्रीत बरीच वर्षं गट नेतो. महाराष्ट्राचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण वाचून घ्या. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. प्रशिक्षित लीडर, प्रथमोपचार, विमा, सहभागींचं संमतिपत्र हे सगळं त्यात येतं. प्रमाणपत्र कोर्स जरूर करा. संख्येचं म्हणाल तर पुढे एक लीड, मागे एक स्वीप, मध्ये दोन मदतनीस ठेवले की 35-40 जण आरामात जातात. बसचा खर्चही निघतो. पहाटे अंधारात निघालात तर उजाडता उजाडता माथ्यावर पोचाल, लोकांना तेच आवडतं.

जुना_बीटवाला
कातळकडा भाऊ, नोंदणीचं आणि कोर्सचं एकदम बरोबर. पण 40 माणसं आणि अंधारात निघणं, हे आमच्याकडे नका आणू राजेहो. तुमच्या कड्यावर माणूस घसरतो, आमच्या वाटेवर अस्वल समोर येते. पहाट आणि तिन्हीसांज हा जनावराचा वेळ. ऊन वाटेवर आल्याशिवाय निघायचं नाही आणि चारच्या आत गावात पोचायचं. रांग लांबली की मधली माणसं कोणाच्याच नजरेत राहत नाहीत. दहा-बारा माणसं, दोन गावकरी, बास.

वळणावर आणि बांबूच्या दाटीत मुक्याने चालू नका. आमचे गुराखी खाकरतात, काठी दगडावर आपटतात, ते उगाच नाही. अस्वलाला चाहूल लागली तर ते बाजूला होते. बिचकलं की मग ते सरळ तोंडावर येते. मार्च लागला की मोह फुलतो, पहाटे झाडाखाली बाया आणि अस्वल दोघंही फुलं वेचायला येतात. तेव्हा तुमची माणसं तिथे नकोत. तसाही 15 फेब्रुवारीपासून वणव्याचा मोसम धरतात, खातं तेव्हा पायी गटांना आत सोडायला राजी नसते.

कातळकडा
मान्य. अस्वलाचा अनुभव नाही, तुमचा शब्द अंतिम.

ढाण्यातला
मी कोरकू आदिवासी आहे, धारणीकडचा. पर्यटकांबरोबर वाटाड्या म्हणून जातो. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो.

ट्रेकचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आमची पोरं दिवाळी झाली की कामाला बाहेर पडतात, कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी परराज्यात. परत येतात होळीला. म्हणजे भाऊला वाटाडे पाहिजेत नेमके तेव्हाच ढाण्यावर म्हातारे आणि लेकरं असतात. ‘गट ठरला की फोन करतो’ म्हणणाऱ्यासाठी कोणी घरी थांबत नाही. मुकादम उचल देतो, तुम्ही काय देता?

तुम्हाला खरंच गावासोबत करायचं असेल तर दसऱ्याच्या आधी ढाण्यावर या, चार महिन्यांच्या तारखा ठरवा, आणि तेव्हाच थोडी उचल द्या. गट रद्द झाला तरी ठरलेल्या दिवसाची मजुरी द्या. मग दोन-चार पोरं थांबतील, आणि तीच वाट ओळखणारी असतील. नाहीतर तुमच्या वाटेला सातवीतला मुलगा येईल.

दुसरं. मेळघाट म्हटलं की शहरातल्या लोकांना कुपोषण आठवतं. येतात, लेकरांना रांगेत उभं करून बिस्किटं वाटतात, फोटो काढतात. माझ्या पुतणीचा असा फोटो कोणीतरी पोस्टरवर टाकला होता, ती तेव्हा तापातून उठली होती फक्त. तुमच्या लोकांना गाडीतच सांगा: वाटप नाही, न विचारता फोटो नाही, घरात डोकावणं नाही. ‘आमच्यासाठी नाच दाखवा’ हे पण नाही. होळीला या, पाच दिवस आम्ही आमच्यासाठीच नाचतो, तेव्हा बघा. आणि रस्त्यात पोरांनी गाडी अडवून फगवा (होळीचे पैसे) मागितला तर कुरकुर न करता द्या.

पांदण
दादा, स्थलांतराचं माझ्या डोक्यातच नव्हतं. मित्र स्वतः मागच्या हिवाळ्यात नाशिककडे द्राक्षबागेत होता, तरी हे सुचलं नाही. उचल किती द्यावी?

ढाण्यातला
आकडा मी नाही सांगणार. ढाण्यावर बसून ठरवा. पण एकाच घराला सगळं काम देऊ नका, मित्राच्या तर अजिबात नाही. पाळी लावा.

हिशोबनीस
पैशांवर लिहितो. दोन दिवसांचे माणशी 2,200 घेतले आणि दहा जण आले तर 22,000 जमा. दोन वाटाड्यांचे दोन दिवस, प्रत्येकी रोज 800 धरा, 3,200. जेवण-मुक्काम माणशी 600, तुम्ही आणि वाटाडे धरून तेरा जणांचे 7,800. ग्रामसभेच्या खात्यात माणशी 100, हे झाले 1,000. जीप दोन्ही दिवस 5,000. विमा, औषधं, किरकोळ 1,500. उरतात 3,500. त्यातून उचल, नोंदणी, रद्द झालेले दिवस. पहिल्या वर्षी बाग विकायची वेळ येणार नाही, पण गाडीही येणार नाही. सहा जणच आले तर घरचे घालावे लागतील, म्हणून किमान आठ जण आणि पैसे आधी, हे जाहिरातीतच लिहा.

ग्रामसभेचे पैसे रोख देऊ नका, खात्यात भरा. गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर त्या जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे असतं. अशा गावात वनखात्याच्या कागदाइतकाच ग्रामसभेचा ठराव महत्त्वाचा. तुमच्या परतवाड्याजवळच पायविहीर नावाचं गाव आहे, तिथल्या लोकांनी उघडा डोंगर राखला आणि आता सीताफळं विकतात. एक दिवस जाऊन बसा त्यांच्यात. ठराव कसा लिहायचा, पैसे कसे वाटायचे, हे ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

सलाईनवाली
मी परिचारिका, डोंगरातल्या आरोग्य केंद्रात काम केलंय. लोक वाघाचं विचारतात, मला भीती आग्या मोहोळाची. उंच झाडांवर, कड्यांवर, किल्ल्यांच्या बुरुजांवर पोळी लटकलेली असतात. अत्तर, डिओ, सिगारेट, ड्रोन, सगळं बंद. माशा उठल्या तर हात झटकत उभं राहायचं नाही, तोंड-डोकं कापडाने झाकून तिथून लांब पळायचं, दाट झुडपात शिरता आलं तर उत्तम. पाण्यात उडी नको, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटे शक्य तितक्या लवकर काढायचे. खूप डंख, चेहऱ्यावर सूज किंवा धाप असेल तर थेट दवाखाना. प्रत्येकाच्या पाठपिशवीत वरच्या कप्प्यात एक सुती चादर असू द्या, तळाशी नको.

साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारही विषांवर एकच लस चालते, पण ती जंगलात नाही, दवाखान्यात द्यायची असते. चिरा मारू नका, करकचून बांधू नका, चालवू नका. पाय फळीला हलका बांधून न हलवता उचलून न्या. म्हणून बांबू आणि चादरीची झोळी करायची सवय गटाला पहिल्याच विश्रांतीला करून घ्या, गंमत म्हणून का होईना. जाण्याच्या आदल्या दिवशी चिखलदरा, धारणी किंवा अचलपूर, जे जवळ पडेल तिथल्या सरकारी रुग्णालयाला फोन करून लस शिल्लक आहे का विचारा. 108 ला फोन कुठून लागतो ती ठिकाणं वाटाड्यांना पक्की माहीत असतात (एखादा टेकाड, एखादा विशिष्ट दगड). ती नकाशावर खुणावून घ्या.

पावसाळा संपताना, ऑक्टोबरपर्यंत, गवतात चिगर (बारीक किडे) असतात, त्यांच्यापासून स्क्रब टायफस होतो. 2018 मध्ये विदर्भात त्याची मोठी साथ होती. ट्रेकनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ‘जंगलात गेलो होतो’ हे डॉक्टरांना सांगायचं, ही सूचना निरोपाच्या मेसेजमध्ये टाका. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो.

जुना_बीटवाला
ताईंनी मोलाचं लिहिलं. त्यात खाजकुयली घाला. हिवाळ्यात शेंगा वाळतात, सोनेरी लव असते, पोरांना हात लावावासा वाटतो. लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून-लावून लव उपटून काढा. आणि कुसळं! जाळीदार स्पोर्टशूज घातलेला माणूस तासाभरात खाली बसून मोज्यातून कुसळं वेचत असते. गुडघ्यापर्यंत जाड कापडाची पट्टी गुंडाळा.

पिंगळावेडी
वाघ दाखवतो असं चुकूनही लिहू नका, पायी ट्रेकला वाघ न दिसणं हेच बरं. पक्ष्यांचे लोक बोलवा. रानपिंगळा 1884 नंतर शंभरावर वर्षं कोणाला दिसल्याची खात्रीची नोंद नव्हती, 1997 मध्ये तो पुन्हा सापडला, आणि मेळघाट हे त्याचं महत्त्वाचं घर आहे. घुबड असून दिवसा वावरतो, म्हणजे तुमच्या वेळापत्रकात बसतो. सागाच्या वाळक्या फांदीवर ऊन खात बसलेला पिंगळा बघायला लोक पुण्याहून येतील. मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, आणि ढोलीचं झाड ग्रुपवर टाकायचं नाही, एवढं पाळा.

वऱ्हाडी_ठेचा
सगळे इतके गंभीर, जेवायचं कोणी बोलतच नाही! आमचा अकोल्याचा ग्रुप येते बा, पण रोडगे आणि वांग्याची भाजी पाहिजे. नाल्यात गोवऱ्या पेटवून करू आम्हीच.

जुना_बीटवाला
नाल्यात पेटवाल तर दंडाची पावती मीच फाडायला लावीन. रोडगे घरून खाऊन या.

ढाण्यातला
आमच्याकडे कुटकीचा (बारीक भरडधान्याचा) भात, उडदाची डाळ आणि ज्वारीची भाकर मिळेल. बचत गटाच्या बाया करतील. गवळ्यांच्या घरी खवा मिळतो. दारू आणू नका आणि मागू पण नका.

पांदण
सर्वांचे आभार. काल वनरक्षकांना भेटलो. खिंडीच्या पलीकडचे दोन कक्ष व्याघ्र प्रकल्पाच्या कोरमधले निघाले, म्हणजे अख्खी वाट होत नाही. आता पायथ्यापासून खिंडीपर्यंत चढायचं, तिथून त्याच वाटेने उतरायचं, आणि मुक्काम ढाण्याऐवजी पायथ्याच्या पाड्यावर, असं दिसतंय. मित्र नाराज आहे, त्याच्या ढाण्यालाच काम मिळावं हा तर मूळ हेतू होता. त्याच्या ढाण्यावरची पोरं खाली येऊन वाटाडे म्हणून चालतील का, की पाड्यावाले हरकत घेतील?

ढाण्यातला
घेतील. दोन्ही गावांना एकत्र बसवा, तुम्ही मधे बोलू नका. एक वाटाड्या वरचा, एक खालचा, असं आमच्याकडे चालतं. बाजाराचा दिवस कोणता ते न बघता बैठक ठेवू नका, कोणी येणार नाही.

पांदण
तुमच्याकडचा एखादा जाणता माणूस बैठकीला येईल का? जीप पाठवतो.

ढाण्यातला
जीप नको, एसटी येते. तारीख कळवा.