वेखंड : ओळख, उपयोग आणि बाळगुटी

ओलवाट : आमच्या शेताच्या बांधाखाली बारमाही ओल असते. तिथे तलवारीच्या पात्यासारख्या पानांची एक वनस्पती पसरली असून पान चुरगळल्यावर उग्र वास येतो. हे वेखंडच का? असल्यास घरच्या बाळाच्या गुटीत ते उगाळून द्यावे काय?

कंदमूळ : वास येत असेल तर बहुधा वेखंडच. पाणकणसाच्या पानांना असा वास नसतो. वेखंडाच्या पानाची मधली शीर ठळक असते, एक कड बरेचदा चुणीदार असते आणि फुलांचे हिरवट कणीस दांड्याच्या बाजूने तिरपे निघते. चिखलात आडवे वाढणारे गाठाळ खोड हाच औषधी भाग होय. तो वाळवून त्याचे तुकडे धान्यात आणि लोकरी कपड्यांत ठेवण्याची पद्धत जुनी आहे.

सहाण : गुटीत मात्र देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे कर्करोगाच्या गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. उत्तर अमेरिकेतील द्विगुणित (पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) जातीत हे द्रव्य जवळजवळ नसते, युरोपातील त्रिगुणित (तीन संचांच्या) वाणात थोडे असते, तर भारतात आढळणाऱ्या चतुर्गुणित (चार संचांच्या) वाणात ते सर्वाधिक असते. त्यामुळे ‘परदेशातही खातात’ हा युक्तिवाद आपल्या वेखंडाला लागू पडत नाही.

जुनीवाट : पण गुटीत वेखंडाचे एक-दोनच वेढे (सहाणेवर उगाळण्याचे फेरे) देत असत, आणि आयुर्वेदातही वचा म्हणजे वेखंड शोधन (शुद्धीकरण) करूनच वापरण्यास सांगितले आहे.

सहाण : मान्य, परंतु बांधावरून उपटलेल्या कंदाचे शोधन घरी कोण करते? शिवाय वेढा किती दाबून घेतला यावर मात्रा बदलते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही आहे. न्हाऊ घातल्यावर टाळूला वेखंडाची पूड लावायची झाल्यास ती बाळाच्या नाकातोंडाजवळ उधळू देऊ नये.

कंदमूळ : काढणीबाबत एक सूचना : पाने पिवळी पडू लागल्यावर कंद काढावेत, डोळे असलेले तुकडे त्याच चिखलात पुन्हा लावावेत आणि उरलेले कंद तंतुमुळे काढून सावलीत वाळवावेत, कारण कडक उन्हात सुगंधी तेल उडून जाते.