मदत हवी आहे : बीटाचा रस, माउथवॉश आणि आईचा रक्तदाब

माझ्या ६८ वर्षांच्या आईला रजोनिवृत्तीनंतर उच्च रक्तदाब सुरू झाला असून अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी नियमित घेऊनही वरचा आकडा १४०च्या आसपास राहतो. डॉक्टरांच्या संमतीने ती रोज सकाळी बीटाचा रस घेते आणि जेवणात पालकही असतो. मूत्रपिंडाचे अहवाल सामान्य आहेत, मुतखड्याचा इतिहास नाही, मीठही कमी केले आहे. गोळी बंद करण्याचा विचार मुळीच नाही.

रस घेतल्यानंतर दोन-तीन तासांनी, पाठ टेकवून आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजल्यास आकडा थोडा उतरलेला दिसतो; दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो पुन्हा जिथल्या तिथे असतो. मला एक शंका आहे. बीट, पालक अशा आहारातील नायट्रेटचे नायट्राइट करण्याचे काम मुख्यतः जिभेवरील जिवाणू करतात, त्यापासून पुढे रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड बनते, आणि हिरड्यांच्या त्रासासाठी आई रोज रात्री क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश वापरते, जे हेच जिवाणू मारते. दंतवैद्यांना विचारणार आहोतच, पण त्याआधी अनुभव आणि अभ्यास असलेल्यांचे मत हवे आहे.

माउथवॉश थांबवल्यावर रसाचा रक्तदाब उतरवणारा हा परिणाम कितपत वाढतो, आणि या वयातील स्त्रियांमध्ये तो दिवसभर टिकावा यासाठी रस दोन वेळांत विभागून देणे उपयोगी ठरते का?